मामांची मेढ

घरासाठी जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या मामेसासऱ्यांसारखा घरवेडा माणूस पनवेलात दुसरा झाला नाही. आणि अशा माणसाच्या घराची मेढ जाळून त्याच्याच आंघोळीचं पाणी तापवणारी सूनही माझ्याखेरीज दुसरी झाली नसेल. मेढ म्हणजे खोपटाचा मधला खांब. सगळं छप्पर त्याच्यावर टेकलेलं असतं. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, कानावर आलं होतं. पण मी ठाण्याची, व्हर्नाक्युलर फायनल पास. सासरचं कुणी काही सांगायला लागलं की 'हो हो' म्हणून मान हलवायची आणि मनात भलताच विचार करायचा, या विद्येत तर मी फायनलच्याही आधी पास झाले होते.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. आमचं घर मिठागरवाल्यांचं, गावात. मामा राहायचे गाढी नदीच्या काठावर, खोपटात. पुढे भाजीचा लहानसा मळा, मागे एक जांभूळ. ते खोपट त्यांनी आणि मामींनी दोघांनी मिळून बांधलेलं. मामी माझ्या लग्नाआधीच गेल्या, पोरबाळ नव्हतं. "आता एकला काय करतंस तिथं, ये इकडं," असं सासूबाईंनी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. मामा दुपारी जेवायला येत, ओटीवर घटकाभर लवंडत, पण उन्हं कलली की त्यांचे पाय कुणाच्या बापाचं ऐकत नसत. "सांज झाली, घरा जातो," एवढं म्हणायचं आणि उठायचं. मग समोर पाहुणे बसलेले असोत, नाहीतर ताटात पापलेटाची तुकडी असो. माझं लग्न सासरच्या दारात, गोरजमुहूर्तावर लागलं. अजून अंतरपाटाची घडीही मोडली नव्हती, तोवर मामांनी हातातल्या अक्षता समोरच्या रिकाम्या पाटांवर टाकल्या, "सुखी ऱ्हावा" म्हणाले आणि मांडवातून चालते झाले. माझ्या आईला वाटलं, वराकडचं कुणी वडीलधारं रुसलं. ती बिचारी शालू सावरत गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्यामागे धावली. मामा तिला म्हणाले, "रुसलो नाय, इहीनबाय. घरी दिवा लावायचा हाय." माझ्या आईला ते कारण काही पटलं नाही. पुढची कितीतरी वर्षं ती मला विचारायची, "तुझे मामेसासरे आता बोलतात का गं?"

नदीचं नाव मामांनी कधी तोंडानं घेतलं नाही. ती त्यांची शेजारीण. "शेजारनीचा तोंड आज फुगलाय," "काल माझी दोन वांग्याची झाडा नेलीन, मागाया गेलो तं वळकच देईना," अशी त्यांची भाषा. मामांना अक्षर येत नव्हतं. पण दर पावसाळ्यात शेजारीण घरात जिथवर चढून येई, तिथं ते मेढीवर कोयत्यानं एक खाच पाडून ठेवत. कुणी आलं की त्याला मेढीपाशी उभं करायचं आणि एकेका खाचेवर बोट ठेवून हकीकत सांगायची. ही खाच, त्या वर्षी एक कोंबडी सुपात बसून वाहत आली आणि मामींनी तिला पाहुणीसारखी उतरवून घेतली. ही तिच्या वरची, त्या वर्षी नवराबायको दोन दिवस माळ्यावर बसून होती आणि मामी वरून पाण्याला शिव्या देत होत्या. "मना वाटला, आता मना शिव्या देल. पन नाय, सगल्या तिलाच दिल्यान," असं म्हणताना मामांच्या तोंडावर जे काही येई, ते मला त्या वयात कळत नसे. खाचेवरचं बोट निघालं की गोष्ट संपे.

आणखी एक खोड म्हणजे सगळ्या खोपटात एक खिळा नव्हता. वासे, कुडाच्या भिंती, छप्पर, सगळं काथ्याच्या गाठींवर उभं. मी नवी नवी असताना त्यांना शहाणपण शिकवायला गेले होते, की मामा, इथं एक खिळा ठोका म्हणजे टोपी अडकवता येईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पाठीतच खिळा ठोकायला सांगत होते. "खिला मारला का लाकडाला दुखता," म्हणाले. "गाठीचा कसा, बांधली तशी सोडता येते."

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. त्या श्रावणात गाढीला असा पूर आला की पाणी मेढीवरच्या सगळ्या खाचा बुडवून वर गेलं. सकाळी दार उघडते तो मामा पायरीवर उभे. छातीपर्यंत चिखल, काखेत कोंबडा. सासूबाई घाबऱ्या झाल्या, "आरं, काय झाला रं?" मामा शांतपणे म्हणाले, "शेजारीन आत आली, म्हनून मी बाहेर आलो."

पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे बघायला गेलो. कुड वाहून गेले होते आणि छप्पर पिऊन आलेल्या माणसाच्या टोपीसारखं एका कानावर आलं होतं. मेढ तेवढी सरळ उभी. आमचे हे म्हणाले, "मामा, दोन कोयते आणतो. दुपारपर्यंत मोकळं करून टाकू." मामा म्हणाले, "तोडायचा नाय. सोडायचा हाय. दसऱ्याला परत बांदायचा हाय."

दुपारचं काम मग आठ दिवस चाललं. पाणी पिऊन फुगलेली काथ्याची गाठ तुम्ही कधी सोडवली आहे का? मी सोडवली. माझी दहाच्या दहा नखं त्या खोपटात गेली. आमचं बिऱ्हाडच जणू नदीवर गेलं होतं. जांभळाला माझ्या तान्ह्या बाळाची झोळी, तिच्याखाली सासूबाई वालाच्या बिरड्या सोलत बसलेल्या, हे चिखलात उभं राहून कण्हतायत, आणि मामा प्रत्येक गाठीपाशी वैद्यासारखे वाकलेले. दुपारी जवळा आणि भाकरी. कुणी दातांनी गाठ ओढली तर मामा म्हणायचे, "हलू, ती गाठ तुजी मामी मारून गेली हाय." हे कंटाळून म्हणाले, "मग मामीलाच बोलवा सोडवायला." सासूबाईंनी मूठभर सालं फेकून त्यांना मारली. मामा मात्र हसले. निघालेल्या प्रत्येक वाशावर त्यांनी गेरूनं खुणा केल्या, एक रेघ, दोन रेघा, फुली, म्हणजे दसऱ्याला कोण कुठं बसायचं ते चुकायला नको.

एवढं करून मामा आमच्याच घरी राहिले, आणि खरं सांगायचं तर मला नकोसे झाले. कोंबडा स्वयंपाकघरात झोपे. मामा पहाटे उठून सगळ्यांना नदी किती उतरली ते सांगत. आणि रोज उन्हं कलली की ओटीवरून उठत, "सांज झाली, घरा जातो," असं म्हणत, पायरीपर्यंत जात आणि तिथं जरा थांबून परत येऊन बसत. मला त्याचं हसू यायचं. दाराआड तोंडात पदर कोंबून मी हसले आहे. दसरा लवकर यावा आणि खोपट एकदाचं उभं राहावं, असं त्या घरात मामांच्या खालोखाल कुणाला वाटत असेल तर ते मला.

आता पुढचं.

वासे सगळे पोटमाळ्यावर गेले. मेढ मात्र मामांनी परसदारी, पडवीत, पाणी तापवायच्या चुलीशेजारी आडवी ठेवली. घर नसलं तरी मेढीनं उघड्यावर पडायचं नाही, चुलीच्या उबेला राहायचं, असा त्यांच्याकडचा नेम. हे त्यांनी मला बजावून सांगितलं. बाळ रडत होतं, भात खाली लागत होता, मी "हो हो" म्हटलं. आणि नवा काथ्या आणायला ते करंजा बंदरावर, ओळखीच्या कोळ्यांकडे निघून गेले.

पुरानंतर पनवेलात घरोघर वाहून आलेली लाकडं गोळा करायची चाल. आमच्याही चुलीशेजारी त्यांचा ढीग होता, सगळी ओली, नुसता धूर काढणारी. पाऊस थांबत नव्हता. त्या ढिगाशेजारी एक लांबलचक, जुनं, पुराच्या वाळल्या चिखलानं माखलेलं, ठणठणीत सुकं लाकूड. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, देवच पावला. मी त्याचं टोक चुलीत सारलं, आणि जळेल तसं रोज वीतभर पुढे ढकलत गेले. फोडायचे कष्ट नाहीत, फुंकायचे नाहीत. सासूबाईंच्या गुडघ्यांनी त्या पावसात परसात यायचं सोडलं होतं, हे अंधारात आंघोळ करून शेतावर जात. मला अडवणारं कुणी नव्हतं, आणि आपल्याला संसार कसा साधला आहे या आनंदात मी रोज कढत पाणी घालून न्हात होते.

मामा आठव्या दिवशी दिवेलागणीला आले. खांद्यावर काथ्याचं भलंमोठं वेटोळं, अंगाला मासळीचा वास. मी म्हटलं, "आधी आंघोळ करून घ्या, पाणी तापलंय." त्यांनी न्हाणीतून हाक मारली, "सूनबाय, पानी झकास हाय गो." मी बाहेरून म्हटलं, "लाकूड चांगलं आहे."

आंघोळ करून ते चुलीपाशी काथ्या सुकत घालायला बसले. मी भाकरी टाकून बाहेर आले, तर काथ्या तसाच बाजूला आणि मामा चुलीकडे पाहत उकिडवे. चुलीतून हातभर लाकूड बाहेर आलेलं होतं. त्याच्यावर एक खाच होती.

मामांनी ते लाकूड ओढून बाहेर काढलं, विझवलं नाही. खाचेवरून अंगठा फिरवला. मग तो हातभर तुकडा त्यांनी आपल्या हातानं परत चुलीत सारला.

खोपट पुन्हा उभं राहिलं नाही. हे म्हणाले, "मामा, ऐनाची नवी मेढ आणून देतो." मामा म्हणाले, "आनशील रं. पन माज्या मेढीची ती व्हईल कशी?" करंजाहून आणलेल्या काथ्याचा विहिरीचा दोर झाला. पोटमाळ्यावरचे वासे हळूहळू गोठ्याला, मांडवाला, शेजाऱ्यांना गेले. मामा आणखी सहा वर्षं आमच्या ओटीवर राहिले. कोंबडा त्यांच्याआधी गेला.

त्या सहा वर्षांत रोज उन्हं कलली की मी हातातलं काम टाकून त्यांना नदीवर घेऊन जायची. खोपटाच्या जागी आता नुसते खळगे होते. आम्ही जांभळाखाली बसायचो. बाळ मोठं झालं, तेही यायला लागलं. मामा हवेतच बोट धरून, इथवर पाणी, इथवर कोंबडी, अशा हकीकती त्याला सांगायचे. अंधार पडला की आम्ही परत यायचो. पावसाळ्यात छत्री घेऊन जायचो. सासूबाई कुरकुरायच्या, "तांदूल चुलीवर आन सून नदीवर." ह्यांनी तर विचारलंच, "तुला एकाएकी मामांचा एवढा पुळका कसा आला?" मी काहीतरी थापा मारल्या. पाय मोकळे होतात म्हटलं, बाळाला हवा लागते म्हटलं. खरं कारण सांगायला जीभ वळली नाही.

मेढ जळाली त्या संध्याकाळी चुलीपाशी आम्ही दोघंच होतो. मी भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन उभी होते. कशीबशी म्हणाले, "मामा, माझं चुकलं." बाहेर काळोख दाटत होता. जसं एखाद्यानं वाट विचारावी तसं, मामा म्हणाले,

"चुकला तं चुकला, सूनबाय. आता सांज झाली का मी कुठं जाव, तेवरा सांग."