रडण्याचा नमुना

"पुन्हा एकदा रडता का बाई? मघाशी माईक बंद होता."

शनिवार पेठेत, मंडळाच्या वर्धापनदिनाला, भरल्या सभागृहात सरांनी माझ्या मायला हे विचारलं. माय स्टेजवर उभी होती. पदराने तोंड पुसत होती. दोन मिनिटांपूर्वी ती खरोखर रडली होती, मेलेल्या पोरासाठी. माझा धाकटा भाऊ मंगेश कंपनीत मशीनखाली गेला, त्याला वर्षही झालं नव्हतं.

समोर लोक मोबाईल वर धरून बसलेले. पहिल्या रांगेतले एक आजोबा शेजारच्याला म्हणाले, "सूर छान लागतो हो यांचा."

मायने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीपाशी कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा धरून उभी होते. मी मान हलवली. हो. रड.

सरांनी विचारलं, पण हो मी म्हणाले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील.

मी त्या मंडळात टायपिंग करायचे. भाषा आणि साहित्याचं जुनं मंडळ. व्याख्यानं, त्रैमासिक, बोलींचे संग्रह, दर महिन्याला कार्यकारिणीची बैठक. आम्ही यवतमाळकडचे, राहायला वारज्यात. मराठी घेऊन एम. ए. केलं, तरी नेमणूक हंगामी. दर अकरा महिन्यांनी सरांच्या टेबलापुढे उभं राहायचं. सर लोकगीतांच्या संग्रहाचे संपादक. एकदा डबा खाताना मी बोलून गेले की आमच्याकडे घरात कुणी गेलं की बाया गाऊन रडतात, आणि प्रत्येकीचे शब्द तिचे स्वतःचे असतात. सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आपल्या मातोश्री रडतात का असं?"

"हो."

"मग घेऊन या त्यांना. आपल्या कायम होण्याचं मी बघतो."

मायला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. "कोनी मेलं नसताना रडनं गात नाई व बाई. घराले लागते." हातातली कढई विसळून पालथी घातली. मग म्हणाली, "तुह्या नोकरीचं काम हाय न? मंग येतो मी."

तर ती दुसऱ्यांदा रडली. आता माईक चालू होता, आणि सरांचं रेकॉर्डिंगही. "मंगेशा, तुह्या डब्यातली भाकर तशीच रायली रे." तो डबा कंपनीतून आमच्या घरी आला होता. मी उघडला होता. आत खरंच भाकर होती.

टाळ्या पडल्या. रडण्याला टाळ्या! माय दचकली, तिला वाटलं काही चुकलं. सरांनी माईक हातात घेऊन सगळ्यांना समजावलं, "पाहिलंत? दुसऱ्या खेपेलाही कंठ तसाच दाटतो. अस्सल नमुना आहे." मग संग्रहाच्या कामाबद्दल सरांना शाल आणि श्रीफळ. मायला मागच्या खोलीत चहा.

त्याच खोलीत संमतीपत्र भरलं. माय साक्षरतेच्या वर्गात सही शिकलेली. शेवंता, एवढं लिहायला तिला बराच वेळ लागायचा, पण लिहायची. तिने पेनासाठी हात पुढे केला. सरांनी तिचा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला. शिक्षणाच्या रकान्यात 'निरक्षर' लिहिलं. जातीच्या रकान्यात काय लिहायचं ते विचारलंसुद्धा नाही. आडनाव पाहिलं आणि लिहून टाकलं.

मी शेजारी उभी होते. बघत. कायम होणार होते ना मी.

घरी येताना माय रिक्षात अंगठा पदराला पुसत होती. म्हणाली, "मले सही येते, तू सांगतलं काहून नाई?" मी मीटरवरचे आकडे बघत राहिले. 

पुढे संग्रहाचं टायपिंग माझ्याकडेच आलं. मायच्या रडण्याचं पान आलं. वर संकलक म्हणून सरांचं नाव, सगळ्या पदव्यांसकट. खाली 'सांगणारी : एक शेतमजूर स्त्री'. आणि मंगेशच्या नावावर लाल रेघ. त्या जागी सरांच्या सुबक अक्षरात 'अमुक'. अमुका, तुह्या डब्यातली भाकर तशीच रायली रे.

मी मंगेश टाइप केलं. खाली मायचं नाव टाइप केलं. सरांनी दोन्ही कापलं. मी पुन्हा टाइप केलं. तिसऱ्या प्रुफाला त्यांनी बोलावलं.

"आपण इथे टायपिंगला आहात की संपादनाला?"

"सर, ते माझ्या भावाचं नाव आहे."

"असेल. वाचकाला त्याचं काय? आणि नावं छापायला आपल्या मातोश्री कवयित्री कधीपासून झाल्या?"

बाजूच्या टेबलावर कुणीतरी हसलं. माझ्या कानात सभागृहातल्या टाळ्या वाजल्या. या माणसासाठी मी मान हलवली होती. 

मंडळाचा एक जुना रिवाज आहे. त्याचा तिथल्या सगळ्यांना फार अभिमान. बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र आवक वहीत नोंदवायचं आणि बैठकीत पूर्ण, जसंच्या तसं, मोठ्याने वाचायचं. एक शब्द गाळायचा नाही. वही माझ्याकडे असायची. वाचायचं कामही माझंच.

घरी मी मायला ते कापलेलं पान वाचून दाखवलं. तिने पत्र सांगितलं, मी लिहिलं. खाली तिने सही केली. सकाळी मी पत्र वहीत चढवलं. सरांना कळलं तेव्हा ते टेबलापाशी आले.

"काढा ते."

"नोंद झाली सर."

बैठकीत मी उभी राहून वाचलं. "मी शेवंता. मंगेशची माय. माह्या लेकराचं रडनं तुमी पेटीत भरून ठेवलं, ते मले वापस द्या. ते पुस्तकात टाकू नका. मी तुमच्यासाठी रडली नव्हती. मंगेशसाठी रडली होती."

 वर्धापनदिनाला पहिल्या रांगेत बसलेले तेच आजोबा, कार्यकारिणीचे सभासद, कानामागे हात धरून म्हणाले, "नीट ऐकू आलं नाही. पुन्हा वाचा."

"नाही," मी म्हणाले. "पुन्हा नाही."

त्या अकरा महिन्यांनंतर मला बोलावलं नाही. संग्रह निघाला. मायचं पान त्यात नाही. प्रस्तावनेत सरांनी लिहिलंय, 'एका निवेदिकेच्या असहकारामुळे एक मौल्यवान नमुना गाळावा लागला.' रेकॉर्डिंग मात्र अजून त्यांच्या कपाटात आहे. परत दिलेलं नाही, पुसलेलंही नाही. माय म्हणते, जाऊ दे व. मी जाऊ देणार नाही.

आता मी दर महिन्याला पत्र टाकते. मजकूर तोच, पुस्तकाचं वाक्य तेवढं वगळून; सही मायची. माझ्या जागी नवी मुलगी आली आहे. तिला ते नोंदवावं लागतं, बैठकीत उभं राहून वाचावं लागतं, आणि सरांना बसून ऐकावं लागतं. जे नाव त्यांनी एका पानावर कापलं, ते त्यांच्याच सभागृहात दर महिन्याला मोठ्याने घेतलं जातं. मंगेश. मंगेश. रेकॉर्डिंग हातात येईपर्यंत घेतलं जाईल. माय थकली तर सही मी करीन.