आक्काला न दिलेलं पान

“सांग की आता! टपरीवर तर लई वाजत हुतास! हितं तोंडाला कुलूप लागलं व्हय रं, नामा?”

निमगाव केतकीचा भरलेला आठवडे बाजार, आणि तेल गळणारा झारा हातात घेऊन माझी थोरली चुलत बहीण सुंदराक्का माझ्यावर ओरडत होती. बाया मेथीच्या जुड्या टाकून उभ्या राहिल्या. तिच्या आवाजानं पार डाळजच्या शिवारातले बगळे उडाले, अर्धा तालुका गोळा झाला, असं मी पुढं चहाच्या टपरीवर सांगत असे. खरं तर वीस-पंचवीस माणसं होती. “ह्या बायांपुढं सांग, ते पान तू मला दिलंच न्हाईस म्हून.” तिला एवढंच हवं होतं, एक वाक्य. मी काय केलं? दोन्ही हात जोडले आणि पुकारा केला, “बायांनो, आक्काची भजी खावा, पर तिला आपलं डोकं खाऊ देऊ नका!” बाजार खदाखदा हसला. आक्का कढईकडं वळली... ते आमचं शेवटचं बोलणं. बारामतीच्या दवाखान्यात ती गेली, त्याला आता सहा आठवडे झाले. आक्काच्या आठवणींचं हे पान पेपरात ज्यांनी काढलंय त्यांना मी ‘एक आठवण लिहितो’ एवढंच सांगितलंय.

मी पेपर एजंट. उरलेले आणि जुने अंक आक्काच्या भज्यांच्या गाड्यावर टाकायचे, हा माझा बारा वर्षांचा रिवाज. आक्का चौथी शिकलेली, पण पान वाचून झाल्याशिवाय त्यावर भजी पडायची नाहीत. एकदा बातमी लांबली म्हणून एका गिऱ्हाइकाला भुकेनं चक्कर आली. म्हणजे आली नव्हती, येण्याच्या बेतात होती. रद्दी शिळी, त्यामुळं तिच्या गाड्यावर सरकार पडायला अडीच महिने लागायचे. राजीनामा दिलेला मंत्री तिच्याकडं दिवाळीपर्यंत खुर्चीत बसून असायचा. आम्ही टपरीवर तिची नक्कल करून पोट दुखेपर्यंत हसायचो. एक मात्र होतं. आम्ही मोबाईलवर मथळा बघून अंगठा सरकवणारी माणसं, ती शेवटच्या ओळीपर्यंत जाणारी. कालव्याचं आवर्तन कुणी लांबवलं, सभेला कोण गैरहजर होतं, सगळं तिला तोंडपाठ. मतं मागायला येणारा उमेदवार तिच्या गाड्याला लांबून वळसा घालायचा. मतदानाच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या बाया तिच्याकडं यायच्या. “आक्का, कुणाला?” ती नाव सांगायची, आणि नावामागं कारण सांगायची. मग त्याच बाया दुसऱ्या दिवशी उन्हात रांग धरायच्या. तिच्या कारणाशिवाय निम्म्या जणी उंबऱ्याबाहेर पडल्या नसत्या.

आणि मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली. एकाची निशाणी कपबशी, दुसऱ्याची छत्री. आक्का कपबशीवाली. टपरीवर मी मिशीला पीळ दिला. “आक्काचं मत म्हंजे माझं मत. गठ्ठा कोण बांधतंय?” पोरं म्हणाली, “फिरवून दाखव, नामाभाऊ.” झालं! दोन महिने मी असा गठ्ठा बांधला, की मोठमोठ्या संपादकांनी माझ्याकडं शिकवणीला यावं. छत्रीवाल्यानं शाळेत वह्या वाटल्या, ते पान तीनदा. छत्रीवाला म्हाताऱ्यांच्या पाया पडला, ते पान वरच. कपबशीचं बरं काही आलं की पान गायब. अंकसुद्धा ताजे द्यायला लागलो. आक्का म्हणाली, “लई माया आली रं बहिनीची?” मी म्हणालो, “मग! रक्ताचं नातं हाय.”

त्यातच एक पान होतं. आतलं, खाली कोपऱ्यात बातमी... आमच्याच वस्तीची पिण्याच्या पाण्याची टाकी छत्रीवाल्याच्या सांगण्यावरून यादीतून वगळली. ते पान घडी घालून मी माझ्याजवळ ठेवलं. आक्कानं बायांना छत्री सांगितली, कारणासकट. छत्री निवडून आली. टपरीवर मला त्या दिवसापासून ‘संपादक’ म्हणायला लागले, आणि मीही मान डोलवायला लागलो.

टाकी दुसऱ्या वस्तीला गेली. आमच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन निघाल्या, आणि वाट नेमकी आक्काच्या दारावरून. तिची शेजारीण चतुराबाई पहिल्यांदा बोलली, “आक्का, उघड की तुजी छत्री, पानी पडतंय का बघू!” मग सगळ्याच बोलायला लागल्या. “लुगडं कुठल्या रंगाचं मिळालं गं?” आक्का शपथा घ्यायची, “बायांनो, पेपरात नव्हतं गं.” तेव्हा कुणीतरी त्या पानाचा फोटोच मोबाईलवर तिच्या नाकासमोर धरला. घरी जाऊन तिनं उरलेल्या रद्दीत त्या तारखेचा अंक शोधला. अंक होता, मधलं पान नव्हतं. माझ्या टपरीवरच्या बढाया तिच्या कानावर गेल्या त्या यानंतर, आणि पुढच्याच बाजारात ती झारा घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.

त्या दिवसानंतर तिनं माझा गठ्ठा घेतला नाही. भज्यांसाठी पळसाचे द्रोण आणले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ती मतदानाला गेली नाही. गाडा लावून बसली होती, बोटाला शाई नाही. तिच्याकडं विचारायला कुणी आलं नाही, आणि वस्तीतल्या बायांची रांगही लागली नाही. दुपारी मी समोरून सायकल रेटत गेलो. तिनं मान वर केली नाही. घंटी वाजवावी असं मनात आलं होतं... नाही वाजवली.

दहाव्याला वस्तीतल्या बाया आक्काच्या अंगणात बसल्या होत्या. मी ते पान उलगडून त्यांच्यापुढं धरलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. जन्मात पहिल्यांदा मीठमसाला न लावता. तिनं कुणाचं लुगडं घेतलं नव्हतं, तिला मी फसवलं, हे तीनदा म्हणालो. शेवटी चतुराबाईनं पदराला हात पुसले.

“आमाला म्हाईत हुतं, भाऊ. टपरीवरचं वस्तीत तवाच आलं हुतं, तिच्या कानावर जायच्या आदी.”

“मग तिलाच का बोलत हुता गं तुमी?”

“तिला बोलाय सोपं हुतं.”