शुक्रवारी भिवंडीत डिजिटल चित्रं लावू नयेत

नाशिकहून भिवंडीला कुणी हौसेनं जात नाही. मी गेलो, तेही मांडीवर अख्खा सीपीयू घेऊन. कारण केतकी फोनवर म्हणाली, "निल्या, प्रदर्शनात तुझं काम लावतेय, घेऊन ये." ती दूध आण म्हणाली असती तरी मी म्हैस घेऊन निघालो असतो.

ज्या कला महाविद्यालयातून मी सरांशी भांडून मध्येच बाहेर पडलो, तिथे केतकी टिकून राहिली. संगणकावर केलेल्या चित्रांचं प्रदर्शन मांडायचं तिच्या डोक्यात बसलं होतं. मुंबईच्या गॅलऱ्यांनी "हे भिंतीला टांगायचं कसं?" असं विचारून तिला वाटेला लावलं. मग तिला भिवंडीच्या नारपोलीतला मामाचा यंत्रमागांचा कारखाना आठवला. इथे जमलं की मुंबईत पुन्हा विचारायचं, असा बेत.

माझं काम म्हणजे रंगीत चौकोन. ते धाग्यांसारखे एकमेकांत विणले जातात नि पुन्हा उसवतात. विणले गेले की त्यात एक चेहरा असतो. कुणाचा, ते तुम्हाला कळलंच असेल. केतकीला मात्र कळलं नव्हतं. चौकोन मी एवढे मोठे ठेवले होते की मॉनिटरसमोर बसलेल्याला नुसते चौकोनच दिसावेत. तिला कळावं, पण मी सांगितलं असं होऊ नये, अशी माझी शूर योजना. मागे हळवी बासरीही लावली होती. केतकी म्हणाली, "लग्नाच्या सीडीसारखं वाटतंय." मी तिरीमिरीत आवाजच काढून टाकला.

जाणाऱ्यांसाठी: ठाण्याची एसटी धरा. कसारा घाटात सामान पोटाशी घ्या. शेजारच्या काकांनी विचारलं, "टीव्ही का?" म्हटलं, "नाही, कला आहे." ते बिचारे सरकून बसले. पडघ्याला गाडी थांबली तर वडापाव खाऊन घ्या. भिवंडी बायपासला उतरलं की आत जायला शेअर रिक्षा मिळते. सीपीयूची वेगळी सीट लावतात, वाद घालू नका. मी घातला. दोन सीटचे पैसे दिले, वर अर्धा रस्ता चालत गेलो.

नारपोलीच्या गल्लीत मागांचा खडखडाट कानाआधी छातीला कळतो. केतकीच्या मामीनं तांदळाची भाकरी नि खाडीतल्या निवट्यांचं कालवण वाढलं. इतकुसे मासे, पण तिखट असं की माझा प्रवासातला सगळा राग नाकावाटे वाहून गेला.

"उद्या शुक्रवार, सगला बंद," मामा म्हणाले. "सकालची पाली सुटली का गाला तुमचाच."

केतकीनं शुक्रवार मुद्दाम निवडला होता. माग शांत, कामगारांना सुट्टी, म्हणजे बघायला माणसंही येणार.

सकाळी पाळी सुटल्यावर आम्ही एकेका मागावर एकेकाच्या कामाचा मॉनिटर मांडला. केतकी कमरेला ओढणी खोचून हुकूम सोडत होती. "चित्र टांगलं की काम संपतं, निल्या. हे दिवसभर चालू ठेवावं लागतं. माऊसचा बाण दिसता कामा नये. वायर पायात येता कामा नये. आणि तू मध्ये येता कामा नये." मी बाजूला झालो. बटण दाबलं. काही नाही.

"मामा, लाईट?"

"ती सांजच्याला. माग बंद असतात म्हणून तारांची कामं शुक्रवारीच करतात ना."

माझं डोकं सटकलं. "मग काल सांगता येत नव्हतं?"

"अरे पोरा, चित्रांचं प्रदर्शन ना? चित्रांना लाईट कशाला?"

"माझ्या मामावर ओरडू नकोस," केतकी म्हणाली. "इतका तापलायस तर तुलाच प्लग लावते."

मामांनी मांडववाल्याचा जनरेटर नि प्रोजेक्टर आणला. त्यावर प्रोजेक्टर आणि एकच संगणक चालणार होता. म्हणजे एकच काम. केतकीनं माझ्याकडे बोट दाखवलं. माझं काळीज वर आलं. "जनरेटरच्या आवाजात बाकीच्यांचं काही ऐकू येणार नाही. तुझं मुकं आहे," ती म्हणाली. काळीज जागेवर गेलं.

गाळ्याच्या शेवटच्या भिंतीवर कोरं कापड ताणलं. मध्ये मागांच्या रांगा, त्यामुळे माणसं पार दाराशी बसली. संगणक मघापासून चालूच होता. मी प्रोजेक्टर लावला, दाराशी येऊन उभा राहिलो, आणि कापडावर मासे पोहू लागले. स्क्रीनसेव्हर. बंद करायचा राहिला होता.

"मासं झ्याक हायत, पन कंचं हायत?" मामींनी विचारलं. शेजारणींत वाद पेटला. मी धावत जाऊन माऊस हलवला.

चौकोन विणू लागले. पडद्याजवळून मला नेहमीसारखे चौकोनच दिसत होते. दाराशी मात्र एकदम गलका झाला. "अरे! ये तो अपनी केतकी दीदी है!" एक कामगार ओरडला.

"अगो बाय, खरंच की!" मामी.

इतक्या लांबून कुणी बघेल, हे माझ्या योजनेत नव्हतंच. दाराकडे बघायची हिंमत होईना. चेहरा उसवला, पुन्हा विणला. दर वेळी टाळ्या. मुकं काम केल्याचा इतका पश्चात्ताप कधी झाला नव्हता. निदान बासरीत लपता आलं असतं.

संध्याकाळी लाईट आली. सगळे मॉनिटर लागले, माणसं मागांमधून फिरू लागली. केतकी शेजारी येऊन उभी राहिली.

"नाक चुकलंय."

"चौकोनांत नाक कसं चुकेल?"

"ते नाक मी रोज आरशात बघते. मुंबईला न्यायचं असेल तर नीट कर."

"बघितल्याशिवाय कसं करू?"

"मग बघ ना. माझ्याशी बोलताना सारखा चपलांकडे बघत असतोस."

मी बघितलं. खरंच चुकलं होतं.

घरी येऊन सीपीयू उघडला, तर आतल्या पंख्याला भिवंडीचा कापूस चिकटलेला. पुसला नाही. भिवंडीला जा, निवट्या खा, रिक्षावाल्याशी भांडू नका. आणि शुक्रवार? त्या शुक्रवारी लाईट असती, तर मी अजून चौकोन मोजत बसलो असतो. नाक अजून झालेलं नाही. रविवारी केतकी नाशिकला येतेय, नाक घेऊन.