रन मोठी की कलर

पोळा जवळ आला आणि चौकात पत्त्यांचे डाव बसू लागले, की मला आर्णीच्या घरातली ती दुपार आठवते. यवतमाळला आईचं ऑपरेशन चालू होतं. बायको तिच्यासोबत होती आणि दम लागणाऱ्या बाबांजवळ मी थांबलो होतो. फोनकडे बघवेना, म्हणून कॉम्प्युटरवर एकट्याने खेळायचा डाव मांडला. एकेक पत्ता येतो, तो पडद्यावरच्या पाच बाय पाच घरांपैकी एकात ठेवायचा, आणि ठेवलेला पुन्हा हलवता येत नाही; मग उभ्या-आडव्या ओळींत काय जुळलं त्याचे गुण. बाबा येरझाऱ्या घालता घालता मागे थांबले. "सलग आकड्याची रन जमते, अन् तू एका रंगाचे पत्ते कायले जमवून राह्यला?" "बाबा, ही तीन पत्ती नाही, पाच पत्त्यांचा डाव आहे. यात कलर मोठा." "कोन म्हन्ते? जलमभर पोळ्याले खेळलो मी, रनच मोठी! तुह्या मशीनची चूक हाय." मी नियम वाचून दाखवले, त्यांचा आवाज आणखी चढला. आईचं नाव मात्र दोघांपैकी कोणी काढेना. तेवढ्यात फोन वाजला. बाबांनी माझं मनगट धरलं. "आधी पत्ता ठेव." मी तो कुठेतरी ठेवला आणि फोन घेतला. बायको म्हणाली, "आई शुद्धीवर आल्या. तुम्ही दोघं जेवले काय, विचारून राहिल्या." मी बाबांना तसं सांगितलं; ते खुर्ची ओढून बसले. "जेवलो म्हनून सांग. पोटभर." सकाळपासून गॅस पेटला नव्हता. हिशेबात पैची चूक न खपवणाऱ्या मीही तेच सांगितलं. आईला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही.