सोललेल्या कॅपसूल

"हे घेऊन जा तुमचं," पिंपळखुटे डॉक्टर म्हणाले आणि कॅपसूलच्या डब्या टेबलावरून माझ्याकडे सरकवल्या. "तुमची दवा इथं काम करून नाही राह्यली, वानखडे."

मी नुकताच एसटीतून उतरलो होतो. खांद्यावरची बॅग अजून उतरली नव्हती. डॉक्टरांनी बसा म्हटलं नाही, म्हणजे प्रकरण गरम होतं. एरवी हा माणूस आधी चहा सांगायचा आणि मग बोलायचा.

एकोणीसशे साठ नुकतंच उलटलं होतं. मी मुंबईच्या एका औषध कंपनीचा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. आमचं काम सोपं. गावोगावच्या डॉक्टरांना भेटायचं, आपलं औषध कशावर चालतं ते पाच मिनिटांत सांगायचं, दोन सँपल ठेवायची आणि पुढचं गाव धरायचं. या सांगण्याला आम्ही डिटेलिंग म्हणतो. डॉक्टर औषध लिहितो, दुकानदार विकतो, फायदा कंपनीला जातो आणि ऊन आमच्या डोक्यावर राहतं. अख्खा यवतमाळ जिल्हा माझ्याकडे होता. मी मूळ दारव्ह्याचा, म्हणून साहेबांनी विश्वासानं दिला होता, आणि दुसरा कोणी यायला तयार नव्हता हेही खरं.

महागाव तेव्हा तालुक्याचं गाव नव्हतं. औषधाचं दुकान तर नव्हतंच. पिंपळखुटे डॉक्टर औषधं स्वतःच मागवायचे आणि स्वतःच द्यायचे. म्हणजे आमचं त्या भागातलं सगळं मार्केट त्या एका लाकडी कपाटात होतं.

आणि त्या कपाटातून माझ्या कॅपसूल बाहेर पडल्या होत्या. टायफॉईडवरचं नवं अँटिबायोटिक होतं ते. त्याआधी टायफॉईड म्हणजे नुसतं अंथरुणाला खिळून राहणं आणि देवाला हात जोडणं. ही कॅपसूल पोटात गेली की चारपाच दिवसांत ताप उतरायचा. अर्धी लाल, अर्धी पिवळी, चकचकीत. आत पावडर, वर जिलेटिनचं कवच. कवच पोटात आपोआप विरघळतं.

तक्रार मला माहीत नव्हती असं नाही. आमचे एरिया मॅनेजर घारपुरे साहेब नागपूरला बसायचे. आदल्या आठवड्यात ते यवतमाळच्या रेस्ट हाउसवर उतरले होते, तेव्हाच त्यांनी मला ऐकवलं होतं.

"महागावचा डॉक्टर नाराज आहे. माल परत घ्या. वाद घालू नका."

"साहेब, बॅच तीच आहे. दारव्ह्यात चालते, यवतमाळात चालते. महागावातच का चालू नये?"

"उन्हानं खराब झाली असेल. तुमच्या जिल्ह्यात माणूस खराब होतो, औषधाचं काय घेऊन बसलात? माल घ्या आणि ते गाव टूर प्रोग्रॅममधून काढून टाका."

कंपनीला खेड्यातलं मार्केट पाहिजे होतं, पण खेडं नको होतं. असो. साहेबांचं मीठ मी खाल्लेलं आहे, जास्त बोलत नाही.

मी निमूटपणे डब्या उचलल्या. खरं म्हणजे तसंच परत एसटी स्टँडवर जायचं होतं. पण मला राहवेना, कारण याच बॅचच्या कॅपसूलवर माझा सख्खा मावसभाऊ गेल्या उन्हाळ्यात उठून बसला होता. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं? मी डबी उघडून एक कॅपसूल चिमटीत दाबून पाहिली. मऊ पडलेली नव्हती, चिकटलेली नव्हती. उन्हानं बिघडलेला माल हाताला कळतो.

"डॉक्टरसाहेब, माल चांगला आहे," मी म्हटलं.

"मी कुठं म्हणतो खराब आहे? मी म्हणतो गुण नाही." मग त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. "फुलसावंगीकडच्या तांड्यात एक पोरगा आहे, हिरासिंग. आईला एकुलता एक. तिसरा हप्ता लागला, ताप हटत नाही. तुमची दवा चालू आहे आणि तो ओकून राह्यला. आता आतडं फुटलं तर माझ्या हातात काही नाही. नागपूरला न्यायचं तर गाडीच्या हिसक्यांनीच जाईल. मी आता तिकडंच निघालो. चालता का? पाहा तरी तुमची दवा कसं काम करते ते."

हे आमंत्रण नव्हतं, टोमणा होता. पण मी गेलो. आजही वाटतं, त्या दिवशी देवानंच पायात बळ दिलं, नाहीतर मी शहाण्यासारखा एसटीत बसलो असतो.

डॉक्टरांची रेंगी होती, म्हणजे दोघंतिघं बसतील एवढी हलकी बैलगाडी. आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणीवाल्या बाया रेंगी पाहून मान वर करत होत्या. मी मांडीवर बॅग धरून बसलो होतो आणि मनात हिशेब जुळवत होतो. दारव्ह्यात चालते, इथं नाही. पाणी वेगळं? ताप वेगळा? काहीच जुळत नव्हतं.

तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य नि मीठ लादून मुलूख फिरणारी ही माणसं, आता शेती करून राहिलेली. हिरासिंगच्या घरासमोर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग होता. शेंगांना आमच्याकडे फल्ली म्हणतात, टरफलाला फोल. डॉक्टर आत गेले. मी ओसरीवर टेकलो. दारातून आतली बाज दिसत होती आणि बाजेवरचा पोरगा. विशीतला गडी, पण पांघरुणाखाली माणूस आहे की नाही असा प्रश्न पडावा इतका वाळलेला. त्याची आई रूपलीबाई उशाशी बसून होती. अंगावर काचांची, कवड्यांची भरतकामाची चोळी, हातात दंडापर्यंत बलोये म्हणजे पांढऱ्या बांगड्या, आणि चेहऱ्यावर झोप नसलेली.  त्या क्षणी मला कंपनी, टूर, साहेब, काही आठवत नव्हतं.

तेवढ्यात एक बकरीचं पिल्लू आलं आणि माझ्या बॅगचा पट्टा चावू लागलं. मी त्याला ढकलायला हात लावला आणि हात तसाच राहिला. पिल्लाच्या गळ्यात माळ होती. लाल, पिवळी, लाल, पिवळी. आधी मला मणी वाटले. मग एका मण्यावर आमच्या कंपनीचं छापील चिन्ह दिसलं, उलटं.

आता सांगतो, माझा माल मी कपाटात पाहिला होता, टेबलावर पाहिला होता, साहेबांच्या हातात पाहिला होता. बकरीच्या गळ्यात पहिल्यांदाच पाहिला.

"मावशी," मी दारातून हाक मारली, "हे काय ओवलं हो?"

रूपलीबाईनं वाकून पाहिलं. "ते होय? फोलं हायेत ते. नात रडून राह्यलती, बाप बोलत नाही म्हणून. मंग तिच्या पिल्लाले माळ करून देल्ली. रंग चांगला हाय ना."

"कशाची फोलं?"

"दवाईची. दाणा पोट्ट्याले चारला, फोल राह्यलं."

डॉक्टर नाडी पाहत होते. त्यांचा हात थांबला. "दाणा चारला म्हंजे?"

"म्हंजे सोलून चारला. कडू जहर हाय तुमची दवा, डागदरसाब. जिभेवर ठुली का पोट्टा ओकते. पर मी एकही चुकवली नाही. देवाची आण, एक एक सोलून देल्ली."

"पण सोलून काहून देल्ली?" डॉक्टरांचा आवाज चढला.

रूपलीबाई त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "तुमीच तं सांगतलं. आतडं हळवं झालं हाय, फोलासगट काही चारू नको, फाटंल. मी फल्ली बंद केली, चने बंद केले, तुरीच्या दाळीचं साल काढलं. मंग हे एवढं कडक फोल कशी चारू माह्या लेकराले?"

डॉक्टर बाजेच्या कडेवर बसले. 

टायफॉईडमध्ये आतडं आतून सुजून नाजूक होतं. म्हणून पथ्य असतं. आणि पथ्याच्या बाबतीत पिंपळखुटे डॉक्टर म्हणजे जमदग्नी. साल नको, फोल नको, कडक नको, हे ते प्रत्येक पेशंटच्या आईला, बायकोला तीन तीनदा घोकून घ्यायचे. दारव्ह्याचे डॉक्टर पथ्याचं एवढं सांगतही नव्हते आणि पहिली कॅपसूल समोर गिळायला लावायचे. म्हणून तिकडं गुण आला. पुढं विचारत गेलो तसं कळलं, महागावच्या भागात डॉक्टरांचा शब्द बायांनी इतका मानला की औषध सुद्धा सोललं. त्या पावडरचा कडूपणा मी एकदा चाखला आहे. निरोगी माणूस ओकेल, तापानं खंगलेल्याचं काय. कवच घातलंय ते त्या कडूपणासाठीच, हे आम्ही कोणी कधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी औषध देल्लं का विचारलं, ती देल्लं म्हणाली, आणि ते खरंच होतं.

"एका वाटीत कोमट पाणी आणा," डॉक्टर म्हणाले.

पितळी वाटी आली. त्यांनी तीत एक कॅपसूल टाकली. आम्ही सगळे वाटीवर वाकलो, नातही, पिल्लूही. आधी काही झालं नाही. रूपलीबाई माझ्याकडे संशयानं पाहू लागली. मग कवच फुगलं, लिबलिबीत झालं आणि पाण्यात लाल रंग उतरला. तिनं बोट घालून चाचपलं.

"हे तं विरघळून गेलं, बाप्पा."

"पोटातही असंच होते," डॉक्टर म्हणाले. "याले सोलू नका. हे फोल नाही, हे दवाईचंच अंग हाय."

पण अर्धी लढाई बाकी होती. हिरासिंगनं आयुष्यात काही अख्खं गिळलेलं नव्हतं. तो मान हलवत होता, घशात अडकेल म्हणत होता. माझ्या बॅगेत व्हिटॅमिनच्या कॅपसूलची सँपल होती. मी एक काढली, सगळ्यांना दाखवली आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकली. रूपलीबाई माझ्या गळ्याकडे टक लावून बसली. मी जिवंत आहे अशी खात्री पटल्यावर म्हणाली, "पाह्य रे, या शहरच्या भाऊले जमते, तुले काहून नाही जमत?"

मी दारव्ह्याचा. पण ती वेळ ते सांगायची नव्हती.

तांदळाच्या पेजेच्या घोटाबरोबर हिरासिंगनं कॅपसूल गिळली. आम्ही तिथंच थांबलो. उलटी झाली नाही. पुढच्या वेळेची कॅपसूल दिली, तीही पोटात राहिली. डॉक्टरांनी माझ्या बॅगेतल्या परत घेतलेल्या डब्यांतली एक मागून घेतली आणि रूपलीबाईच्या हातात ठेवली.

परतताना रेंगीत ते एकदम म्हणाले, "वानखडे, मी त्या बाईवर ओरडलो. तिच्याइतकं माझं आजवर कोणी ऐकलं नव्हतं."

"त्या बाकीच्या डब्या, डॉक्टरसाहेब?"

"ठेवा कपाटात. विचारता काय?"

चारपाच दिवसांत ताप उतरला हे मला पुसदला समजलं. डॉक्टरांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप पाठवला होता: पोरगा भूक भूक करून राह्यला. मी स्टँडवरच्या बाकावर बसलो आणि खरं सांगतो, डोळे भरून आले. लोक म्हणतात धंद्यात भावना आणू नये. म्हणोत बापडे.

घारपुरे साहेबांना सगळं सांगितलं तेव्हा ते हसले. "मग आता काय करायचं म्हणता?"

"डबीवर चित्र छापा. कॅपसूल, पाण्याचा पेला, उघडं तोंड. अक्षरं नकोत."

"मुंबईवाले वर्षभर विचार करतील."

"तोवर मी डॉक्टरांसमोर वाटीत टाकून दाखवतो."

"आणि महागाव?"

"टूर प्रोग्रॅममध्ये आहे, साहेब."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. याबद्दल मी त्यांचाही ऋणी आहे. चित्र आलं, पण तोवर त्या पट्ट्यातला एकही डॉक्टर वाटीच्या खेळातून सुटला नव्हता. पिंपळखुटे डॉक्टरांनी पथ्यात एक ओळ वाढवली: साल काढल्याशिवाय काही खायचं नाही, दवाई सोडून.

पुढच्या टूरमध्ये फुलसावंगीच्या बाजारात रूपलीबाई भेटली. मागं हिरासिंग, डोक्यावर शेंगांचं गाठोडं. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि तीच माळ माझ्या हातावर ठेवली.

"ठेव बापू. तू त्या दिवशी पिल्लाकडं पाह्यलं म्हणून माह्या लेकराचा जीव राह्यला."

तिथंच बाजारात मी तिच्या पाया पडलो. तिच्या बोलीत आईला याडी म्हणतात, मीही तेच म्हटलं. तिला वाटत होतं उपकार माझे. खरं म्हणजे तिनं काही लपवलं असतं, लाजून फोलं चुलीत टाकली असती, तर डॉक्टर आणि मी आजही उन्हाला दोष देत बसलो असतो.

माळ मी ट्रंकेत जपून ठेवली होती. पावसाळ्यात ट्रंकेला ओल आली आणि माळेचा एक चिकट लालपिवळा गोळा झाला. बायकोनं फेकू का विचारलं. मी म्हटलं राहू दे, ते विरघळण्यासाठीच केलेलं आहे.

पुढं मीच नव्या पोरांना ट्रेनिंग देऊ लागलो. ती डोसबद्दल फाडफाड बोलत. मी सगळं ऐकून घेई आणि मग विचारी, "पेशंटची आई हे त्याला कसं चारील, ते पाहिलंस का?" बहुतेकांनी पाहिलेलं नसे. मग मी त्यांना पुढच्या एसटीत बसवून देत असे.