दहातून दीड

“मोजून बघा, मग बोला.”

हे बाईंचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना त्या एप्रनच्या खिशातली मापाची टेप काढून समोरच्याच्या हातावर ठेवायच्या. कुणी म्हणालं शेल्फ कललेलं दिसतंय, की टेप. कुणी म्हणालं तुमच्या मशीनचा भुसा आमच्या गच्चीपर्यंत येतो, की टेप. एकदा कॉलनीच्या अध्यक्षांनी “तुमचा आवाज मर्यादेबाहेर जातो” असं सुनावलं, तेव्हाही टेपच पुढे आली. आवाज टेपनं कसा मोजायचा ते अध्यक्षांना कळेना. ते ती हातात घेऊन तसेच घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई टेप परत मागायला त्यांच्या दारात उभ्या.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीत त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. त्या मुलींच्या शाळेत कार्यानुभव शिकवून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं मुलींकडून कागदी फुलं आणि लोकरीची तोरणं करून घेतली, त्याचा राग त्यांच्या मनात साठलेला होता. “करवत द्या म्हटलं पोरींच्या हातात, तर मुख्याध्यापक घाबरले. जणू करवत बघून पोरी त्यांच्याच मागे लागणार होत्या.” वडील सिन्नरकडचे नावाजलेले सुतार. त्यांनी हत्यारं मुलाला दिली आणि मुलीला शाळेत घातलं. मुलानं ती विकून टाकली. निवृत्त झाल्यावर बाईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे घराच्या पार्किंगमध्ये लाकूड कापायचं यंत्र आणून बसवलं. मोठं लोखंडी टेबल, मधून वर आलेलं गोल दातेरी पातं, खाली मोटार. त्यावर त्या पाट, मांडण्या, मुलांचे उतरते डेस्क करायच्या. ते सुरू झालं की माझ्या स्वयंपाकघरातले डबे थरथरायचे. खोटं कशाला बोलू, आवाजाच्या तक्रार अर्जावर माझीही सही होती.

आणि मग पोस्टमास्तर. खरं तर ते पोस्टात काउंटरवर कारकून होते, बढती बाईंनी दिली. पत्नी जाऊन चार वर्षं झालेली, एकुलती मुलगी परदेशात. एक दिवस ते पाय मोडलेला देव्हारा घेऊन दुरुस्तीला आले. पंधरा दिवसांनी खुर्ची आणली. मग स्टूल. तेच स्टूल तिसऱ्यांदा आणलं तेव्हा बाईंनी मोडलेला पाय उजेडात धरून निरखला.

“हा तुम्ही मुद्दाम मोडलाय.”

“हो,” पोस्टमास्तर म्हणाले.

“मग आत या. चहा घ्या. स्टूल मोडू नका, लाकूड चांगलं आहे.”

वर्षभरात पोस्टमास्तर दोन सुटकेसा आणि तो देव्हारा घेऊन बाईंकडे राहायला आले. लग्न नाही, कागद नाही. तुम्ही कॉलनीत राहिला असाल तर पुढचं मी सांगायला नको. दूधवाल्यापासून भिशीपर्यंत दुसरा विषय नव्हता. शेवटी एका वहिनींनी धीर करून विचारलंच, “बाई, लग्न का करत नाही?” बाई म्हणाल्या, “मी एकदा केलंय, सोडून दिलंय. त्यांनी एकदा केलंय, निभावलंय. दोघांची परीक्षा देऊन झाली. आता अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी करू दे की.” हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. बाईंना फरक पडला नाही. पोस्टमास्तरांना पडला. रस्त्यात कुणी दिसलं की ते बाईंपासून दोन पावलं मागे राहायचे. बाई थांबायच्या, ते शेजारी येईपर्यंत थांबूनच राहायच्या, आणि मग चालायच्या.

त्यांचा दिवस बघण्यासारखा असे. सकाळी स्वयंपाक पोस्टमास्तरांचा, दुपारची भांडी बाईंची. ते मोठ्यानं पेपर वाचायचे, ह्या लाकूड घासता घासता प्रत्येक बातमीवर शेरा मारायच्या.

तो रविवार होता. मी कपडे वाळत घालत होते. मशीनचा आवाज एकदम बदलला, काहीतरी अडकल्यासारखा, आणि मागोमाग पोस्टमास्तरांची हाक आली. शब्द नव्हते, नुसता आवाज. मी धावले. बाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. डावा हात टॉवेलात गुंडाळून डोक्याच्या वर धरलेला, टॉवेल लाल होत चाललेला. चेहरा पांढरा.

“आधी मोटार बंद कर,” मला म्हणाल्या. “आणि त्यांना बसव, ते पडतील.”

मी फिजिओथेरपिस्ट, जवळच्याच एका हॉस्पिटलात काम करते. हात बघायची मला सवय आहे, पण भुशातून बोट शोधायची नव्हती. शोधलं, पिशवीत घातलं, ती बर्फात ठेवली, रिक्षा बोलावली. पुढे त्याचा उपयोग झाला नाही, बोट चिरडलं होतं. तर्जनी मुळापासून गेली, मधलं बोट अर्धं.

हॉस्पिटलात सर्जन येईपर्यंत काउंटरवरच्या माणसानं फॉर्म पुढे केला. “नातेवाईक कोण?”

पोस्टमास्तर पुढे झाले. शर्टावर रक्त. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाले, “मी... शेजारी.”

स्ट्रेचरवर पडलेल्या बाईंनी मान वळवली. इतका वेळ त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते तेव्हा आलं. पण आवाज वर्गात लावायच्या तसाच लागला. “शेजारी ही मुलगी आहे. हे माझे घरचे आहेत.”

“घरचे म्हणजे? मिस्टर का?”

“जोडीदार लिहा.”

“मॅडम, तसं लिहीत नाहीत हो.”

“उजवा हात शाबूत आहे माझा. आणा इकडे.” आणि त्यांनी आडव्या पडल्या पडल्या, ठसठशीत अक्षरात, रकान्याच्या बाहेर जाईल एवढं मोठं लिहिलं. जोडीदार. खाली पोस्टमास्तरांनी सही केली.

चौथ्या दिवशी सिन्नरहून भाचा आला, हत्यारं विकणाऱ्या भावाचा मुलगा. स्वभावानं वाईट नव्हता, पण सगळं ठरवूनच आला होता. “आत्या, आता लय झालं. मशीनला गिऱ्हाईक बघितलंय मी. तू चल आमच्याकडं. हे काका जातील त्यांच्या घरी.”

“तुझ्या बापानं आजोबांची हत्यारं विकली, तेव्हा मला विचारलं नाही,” बाई म्हणाल्या. “तू निदान विचारतोयस, म्हणून नीट सांगते. मशीन इथेच राहील. मी इथेच राहीन. आणि हे काका कुठे जाणार ते हे काका ठरवतील.”

कॉलनीतली मंडळी द्राक्षं आणि सफरचंदं घेऊन आली. अध्यक्ष म्हणाले, “देवानंच इशारा दिला म्हणायचा.”

“देवाला एवढा वेळ असेल तर त्याला आपली तुंबलेली गटार दाखवा,” बाई म्हणाल्या.

मग माझी पाळी. टाके निघाल्यावर रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जायची. एका वाटीतला राजमा एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकायचा, उरलेल्या अर्ध्या बोटानं आणि अंगठ्यानं. दुखायचं. बाई कण्हत नसत, पाढे म्हणत. सतराच्या पाढ्याला आवाज चढला की मी समजून घ्यायची. नसलेल्या बोटाला खाज सुटायची, तेव्हा त्या हात पुढे करून म्हणायच्या, “पोस्टमास्तर, जरा खाजवा. तर्जनीचं टोक.” आणि पोस्टमास्तर, चष्मा सावरून, जिथे बोट असायला हवं होतं तिथल्या हवेत अगदी मन लावून खाजवायचे. “इथे?” “थोडं वर.” “इथे?” “हां.” मी हसायची आणि लगेच दुसरीकडे बघायची.

एकदा मीही बोलून गेले, “बाई, आता पुरे ना ते मशीन.”

“मोजून बघ, मग बोल. दहातून दीड गेलं. साडेआठ शिल्लक आहेत.” त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर पसरले. “साडेआठ बोटांची बाई काय घरात बसवून ठेवतेस?”

अडीच महिन्यांनी त्या पार्किंगमध्ये उतरल्या. मोटारीचा पट्टाच नव्हता. मोटारीवरून पात्याला फिरवणारा रबरी पट्टा, तो कुणीतरी काढून घेतलेला. दुपारभर त्यांनी घर पालथं घातलं. पट्टा तांदळाच्या डब्यात सापडला.

मी पोचले तेव्हा दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर उभे होते. पट्टा ओट्यावर, तांदूळ जमिनीवर.

“दुसऱ्याची वस्तू दडवणं तुमच्या खात्यात चालत होतं का?”

पोस्टमास्तर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. “हो, दडवला! विहिरीत टाकणार होतो. तुम्हाला कळत नाही? मी हाक मारली होती. ‘चहा ठेवू का’ म्हणून. तुम्ही वर बघितलंत, आणि हात गेला. चहासाठी! अडीच महिने मी तुमचा हात धुतोय, आणि तुम्ही सगळ्यांना सांगताय, ‘माझंच चुकलं’. का सांगता? मला बरं वाटावं म्हणून?” ते खाली बसले आणि तांदूळ गोळा करायला लागले. गोळा होईनात. रडत होते.

बाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. मग म्हणाल्या, “पात्यावर झाकण असतं. ते मी काढून ठेवलं होतं. सारखं मध्ये येतं म्हणून. लाकूड काठीनं ढकलायचं असतं, मी हातानं ढकललं. तुमच्या हाकेनं बोट गेलं नाही, माझ्या घाईनं गेलं. मी कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

“मला भीती वाटते.”

“मलाही वाटते. लई वाटते. सकाळी नुसत्या मोटारीवरून फडकं फिरवलं तर घाम फुटला.” बाईंनी भीती कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. “पण मी भीतीच्या पोटात जाऊन बसणार नाही. मला थांबवू नका. सोबत उभे राहा.”

मी तांदूळ झाडूनं गोळा केले. मला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

पुढच्या रविवारी यंत्र सुरू झालं. झाकण बसवलेलं, ढकलायची काठी नवी केलेली, आणि बटणापाशी पोस्टमास्तर उभे. ठरलं ते असं, बाई ‘चालू’ म्हटल्याशिवाय त्यांनी बटण दाबायचं नाही, आणि बटण चालू असेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. चहाचा तर मुळीच नाही. पहिली फळी वाकडी कापली गेली. बाईंच्या गालावरून घाम ओघळत होता. त्यांनी ती फळी बाजूला फेकली. दुसरीही वाकडी. तिसरी घेतली तेव्हा फाटकापाशी आठ-दहा जण जमले होते. अध्यक्षही. बाईंनी कुणाकडे बघितलं नाही. तिसरी सरळ गेली. पोस्टमास्तरांनी बटण बंद केलं आणि भर कॉलनीसमोर, दोन पावलं मागे न राहता, खिशातल्या रुमालानं बाईंचा चेहरा पुसला. अध्यक्ष घरी गेले. मी संध्याकाळी त्या जुन्या तक्रार अर्जावरची माझी सही मागे घेतली. त्याला आता काही अर्थ नव्हता, पण घेतली.

पेठकडच्या डोंगरातल्या एका मुलींच्या आश्रमशाळेनं बाईंकडे बाकं मागितली होती. बाई बाकं पोचवायला गेल्या आणि मुख्याध्यापिकेशी वाद घालून आल्या. “विकत कशाला घेता? पोरींनाच करू द्या. मी शिकवते.” महिन्याभरानं शाळेनं एक पत्र्याची शेड आणि दोन खोल्या देऊ केल्या. भाचा फोनवर ओरडला, या वयात, डोंगरात, असल्या हातानं! बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि फोन पोस्टमास्तरांकडे दिला. पोस्टमास्तर म्हणाले, “आम्ही दोघं जातोय. तू सुट्टीत ये.” आणि ठेवून दिला.

घराला आता कुलूप आहे, यंत्रही त्यांच्याबरोबर डोंगरात गेलं. माझे डबे थरथरत नाहीत. तुम्हाला वाटेल मला बरं वाटत असेल. मला रविवारी सकाळी करमत नाही.

गेल्या थंडीत मी त्यांच्याकडे जाऊन आले. शेडमध्ये सात-आठ मुली, केसांत भुसा, एकीच्या हातात पेन्सिल, एकीच्या हातात काटकोन तपासायचा गुण्या. एक बारीकशी मुलगी यंत्रापासून लांब, दाराशी उभी होती. पुढे यायलाच तयार नाही.

बाई तिच्याजवळ गेल्या. समजावलं नाही, गोड बोलल्या नाहीत. डावा हात तिच्या डोळ्यांसमोर धरला.

“हे बघ, असं होतं. नीट बघून घे. हवं तेवढं घाबर. घाबरून झालं की चष्मा लाव आणि ये.”

मुलगी बघत राहिली. मग तिनं एक बोट पुढे केलं आणि बाईंच्या तर्जनीच्या जागी उरलेल्या व्रणावर हळूच टेकवलं. बाईंनी हात हलवला नाही.

“दुखं का?”

“नाही.”

मुलीनं खुंटीवरचा, भुशापासून डोळे वाचवणारा चष्मा काढला. तिला तो मोठा होत होता. एका हातानं नाकावर दाबून धरत ती यंत्राकडे चालू लागली.