शेवटच्या झांकीचे नारळ

अर्जदार: कापड मिलमधला एक फिटर, हल्ली मुक्काम हातोद. प्रतिपक्ष: त्याच मिलचे शेवटचे मॅनेजर, हल्लीचा मुक्काम माहीत नाही. घटनास्थळ: इंदुरात परदेशीपुऱ्याच्या अंगाला असलेले मिलचे मोठे फाटक. दिनांक: मिल बंद पडली त्या वर्षाची अनंत चतुर्दशी, दिवेलागणीची वेळ. साक्षीदार: अर्जदाराची पत्नी, फाटकाशी जमलेली सगळी चाळ, आणि मी, अर्जनवीस. नावे मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की लोक त्या माणसाच्या जातीवर, गावावर आणि सोयरिकीवर बोलत बसतात आणि मूळ विषय बाजूला राहतो, असा माझा या व्यवसायातला अनुभव आहे.

विषय: जाणाऱ्या अधिकाऱ्याने जाता जाता वाटलेली माफी.

माझे शिक्षण नववीत थांबले. ते गणितामुळे थांबले, भाषेमुळे नव्हे, हे सांगणे मला आवश्यक वाटते. आजोबा होळकरांच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्याकडून मला अक्षर मिळाले आणि कागदाला दोन बाजूंनी समास सोडण्याची सवय मिळाली. कचेरीबाहेरच्या कडुलिंबाखाली मी टेबल आणि टाइपरायटर मांडून बसतो. अर्ज हिंदीत लिहितो, मनात मात्र आधी मराठीत रचून घेतो. वकीलसुद्धा आपल्या पक्षकाराला हळूच माझ्याकडे धाडतात. कायदा त्यांना येतो, पण साहेबाने अर्जाची दुसरी ओळ वाचावी यासाठी पहिली ओळ कशी असावी, ते त्यांना येत नाही.

पूर्वी माझ्याकडे येणारी माणसे रेशनकार्ड, बदली, नळाची तक्रार असले विषय घेऊन येत. मग एकेका मिलचा भोंगा थांबत गेला. वर्तमानपत्रांत खुल्या बाजाराचे कौतुक छापून येऊ लागले आणि माझ्या टेबलासमोर रांग वाढली. माझा धंदा त्या काळात चांगला चालला. ही गोष्ट मला कधी आनंदाने सांगता आली नाही.

आता त्या मिलच्या रिवाजाबद्दल. इंदूरच्या बाहेरच्या वाचकाला हे सांगावे लागेल की अनंत चतुर्दशीला इथल्या मिलांच्या झांक्या निघतात. गाड्यांवर देखावे, फिरणाऱ्या मूर्ती, दिव्यांच्या माळा, पुढे आखाडे, आणि सारे शहर राजवाड्याकडे लोटलेले. आमच्या या मिलमध्ये झांकी फाटकातून निघण्याआधी एक जास्तीचा विधी होता. वर्षभरात ज्या कामगारांना शिक्षा झाली असेल, त्यांतल्या एकाला मॅनेजर माफी देत. त्या माणसाने आधी माफीनामा लिहून द्यायचा. मग सर्वांसमोर ‘चूक झाली’ म्हणायचे. मॅनेजर त्याच्या हातात नारळ देत, तो नारळ त्याने झांकीच्या चाकापुढे फोडायचा. नारळ फुटला की शिक्षा संपली. दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसात कागदावर शिक्का बसे आणि ती गोष्ट पुन्हा कोणी काढत नसे.

जुने मॅनेजर या अधिकाराला फार जपत. एकदा त्यांनी चालत्या मशीनपाशी झोपणाऱ्याला माफ केले, कारण त्याच्या घरी आजारी बाप होता. एकदा पिऊन आलेल्याला माफ केले, तेव्हा तो ‘चूक झाली’ असे इतक्या वेळा म्हणाला की शेवटी लोकांनीच त्याचा हात धरून नारळ फोडवला. माणूस एकच असे, म्हणून त्या एकाबद्दल चाळीत महिनाभर चर्चा चाले. कोणाला मिळावी, कोणाला नको, याचा न्याय आधी ओट्यांवर होई आणि मग फाटकात.

फिटर माझ्याकडे आला तो बायकोसह. बडतर्फीचा कागद तिच्याच पिशवीत होता. त्याच्यावरचा आरोप असा: गोदामाच्या फाटकाला स्वतःचे कुलूप घालून मालाची गाडी अडवली आणि स्टोअरकीपरला धक्का दिला. गाडीत भंगार होते, असे स्टोअरकीपरचे म्हणणे. भंगारात तेल लावलेले चालू पार्ट होते, असे फिटरचे म्हणणे. त्या मालाची एक चौकशी स्टोअरकीपरवर आणि भंगार उचलणाऱ्या ठेकेदारावरही लागली होती, पण ती सावकाश चालली होती. फिटरची चौकशी मात्र झटपट आटोपली.

मिल बंद होणार हे सर्वांना दिसत होते. बंद होताना जो हजेरीपटावर असेल, तो मिलबंदीच्या दाव्यात कोर्टाचा निकाल लागेपर्यंत चाळीतल्या खोलीत राहू शकणार होता. बडतर्फ माणसाला खोली लगेच सोडावी लागणार होती, आणि मिलचा कामगार म्हणून त्याचे नाव कुठेच उरणार नव्हते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजर बदली होऊन जाणार होते. म्हणजे ही शेवटची माफी.

“भाऊजी, असा अर्ज लिहा का साहेबाच्या डोळ्यात पानी आलं पाहिजे,” बायको म्हणाली.

“रडवायचं काय काम आहे? वाचलं तरी बहुत झालं,” तो म्हणाला.

मी मसुदा केला. चांगला झाला होता. लहान मुले, म्हातारी आई, मिलची वर्षानुवर्षांची सेवा, सारे जिथल्या तिथे. वाचून दाखवताना शेवटच्या ओळीशी आलो, ‘माझ्या हातून चूक झाली, ती पदरात घ्यावी’, आणि त्याने टेबलावर हात ठेवला.

“ही लाइन काढा.”

“ही काढली तर माफीनामा कसला राहील?”

“मग नका म्हणू माफीनामा. कुलूप मी लावलं. बिलकुल लावलं. उद्या गाडी आली तर उद्या पण लावेन. धक्का मी दिला नाही. याच्यात चूक कोणती, तुम्ही सांगा भिया, ती लिहून देतो.”

“अरे, सगळेच लिहितात. चार शब्द आहेत.”

“तुमच्यासाठी चार शब्द आहेत. तुम्ही दिवसभर लिहिता.”

बायको त्याच्याकडे न पाहता मला म्हणाली, “तुम्ही लिहा हो. हा सही करेल. नाही केली तर मी करते, याच्यापेक्षा माझी सही चांगली आहे.”

“कर. मग नौकरीवर पण तूच जा.”

ती हसली, पण डोळे पुसून. मी त्याला बराच वेळ समजावले. माफी ही देणाऱ्याची वस्तू आहे, घेणाऱ्याने तिची परीक्षा करू नये, असेही म्हणालो. त्याने ऐकून घेतले आणि पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवले. शेवटी मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात दया नव्हती. निर्णयाचा पुन्हा विचार व्हावा आणि अर्जदार दोषी आहे की निर्दोष, याचे लेखी उत्तर मिळावे, एवढीच विनंती होती. माझ्या हातून निघालेला तो सर्वांत कोरडा अर्ज. आज मला वाटते, सर्वांत नेटकाही तोच.

अनंत चतुर्दशीला मी फाटकाशी लवकर गेलो. झांकी त्या वर्षी लहान होती. वर्गणी थोडी, दिवे थोडे. पण मॅनेजरच्या खुर्चीशेजारी नारळांचे पोते होते.

“आज काय साहेब दुकान टाकून राहिले?” मागून कोणी म्हणाले.

“जाताना माल उठवायचा आहे ना,” दुसरा म्हणाला.

पहिला पुकारा स्टोअरकीपरचा. तो पुढे आला, हात जोडले, ‘चूक झाली’ म्हणाला आणि नारळ फोडला. कोणती चूक, ते कोणी विचारले नाही, विचारण्याचा रिवाजही नव्हता. मग ठेकेदार. तो मिलचा नोकरसुद्धा नव्हता. मग फाटकावरचा जमादार, ज्याने त्या गाड्या बाहेर जाऊ दिल्या होत्या. मग मॅनेजरचा पुतण्या, ज्याला शिक्षा झाली होती हेच आम्हाला त्या दिवशी कळले. प्रत्येकाचा माफीनामा तयार होता, सही तयार होती. नारळ फटाफट फुटत होते आणि चाकापुढे पाण्याचे थारोळे साचले होते.

“भिया, झांकी वाहून जाईल!” कोणी ओरडला. लोक हसले. पुढच्या नारळाला मात्र हसणारे कमी होते.

तेव्हा माझ्या लक्षात आले की समोर जे चालले आहे ती क्षमा नव्हे. ज्यांची चौकशी अजून व्हायची होती, त्यांची चौकशी तिथे त्या चाकापुढे संपत होती. जुन्या मॅनेजरांना माफी दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच लोकांत यावे लागे, म्हणून त्यांचा हात जपून उठे. यांना उद्या कोणी भेटणारच नव्हते.

तरीही त्या माणसाबद्दल मला राग धरून बसता आलेले नाही. ते थकलेले दिसत होते. मालकांनी त्यांना मिल चालवायला आणले आणि बंद करायला लावली. ज्या थोड्या माणसांनी अखेरपर्यंत त्यांच्यासोबत चहा घेतला, त्यांना ते सांभाळत होते. माणूस बहुतेक वेळा असाच बिघडतो, आपल्यांचे भले करता करता.

पोत्यात एक नारळ उरला. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावले. फिटरचा अर्ज त्यांच्या हातात होता, म्हणजे त्यांनी तो वाचला होता.

“यह आपने लिखा है?” त्यांनी विचारले. मी होय म्हणालो. “इसमें माफी कहाँ है? यह तो उलटे मुझसे जवाब माँग रहा है.” मग त्यांनी आवाज उतरवला. “उसको बोलिए, लिखना रहने दे. मुँह से बोल दे, बस. कागज़ मैं कल सुबह बनवा दूँगा.”

फिटर चार हातांवर उभा होता. त्याने ऐकले होते. सारी चाळ त्याच्याकडे पाहत होती. त्याच्या मित्राने त्याला कोपराने ढोसले, “बोल ना यार, घर जाऊन वापस घे.” तो चाकाकडे पाहत राहिला. मॅनेजरचा नारळ धरलेला हात तसाच पुढे होता, आणि मला त्या हाताची दया आली.

बायकांच्या घोळक्यातून त्याची बायको पुढे आली.

“साहेब, तो बोलणार नाही,” ती मराठीतच म्हणाली. “मला द्या.”

मॅनेजरनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि नारळ पुढे केला. तिने हात पुढे केला नाही. दोन्ही हातांनी पदर पसरला. नारळ पदरात पडला, तिने तो कपाळाला लावला, वाकून नमस्कार केला आणि घोळक्यात परत गेली.

“फोडना है, बहनजी, चक्के पे फोडना है!” जमादार ओरडला.

“ओटीचा नारळ आहे तो,” एक म्हातारी तिथून कडाडली. “सवाष्णीच्या ओटीतला नारळ रस्त्यावर फोडतात होय रे? तुझ्या घरी फोडतात का?”

जमादाराच्या घरी काय करतात ते कळले नाही. तोवर ढोल सुरू झाले, झांकी हलली, आणि पदरात नारळ घेऊन ती चाळीकडे निघाली होती. फिटर तिच्या मागे. मी गाठून तिला विचारले, “वहिनी, हे काय केलंत? फोडला असता तर काम झालं असतं.”

“खरंच भाऊजी, सुचलंच नाही,” ती म्हणाली. “मोठ्या माणसाने नारळ दिला, पदर आपोआप पुढे झाला.”

“बरं झालं,” फिटर म्हणाला. “माफी नाही घेतली आपण. ओटी घेतली.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजर सकाळच्या गाडीने गेले. ज्यांचे कागद होते, त्यांवर शिक्के आधीच बसले होते. फिटरचा कागद कोणी केला नव्हता. त्यांच्या जागी आलेल्या बाबूला मी स्वतः जाऊन भेटलो. सगळ्या चाळीसमोर नारळ दिला गेला, हे साक्षीदारांसह सांगितले. त्याने शांतपणे विचारले, “फूटा था?” मी खोटे बोललो नाही. ‘फिर कैसी माफी,’ म्हणून त्याने फाइल मिटली.

खोली सोडायच्या दिवशी तिने देवापुढचा तो नारळ फोडला आणि त्याच्या वड्या केल्या. माझ्या टेबलावरही एक डबा आला. पुराव्याचा काही भाग त्यामुळे माझ्याच पोटात गेला, हे येथे नमूद करतो. वड्या उत्तम होत्या.

आता तो हातोदला मोटारपंप दुरुस्त करतो. स्टोअरकीपरने पुढे विजय नगरात फ्लॅट घेतला. तो मला रस्त्यात भेटतो, नमस्कार करतो, आणि त्याच्याशी बोलताना मला तो वाईट माणूस वाटत नाही. फक्त त्याला कोणी कधी काही विचारले नाही, आणि आता विचारता येत नाही. फिटरची बायको दर अनंत चतुर्दशीला झांक्या पाहायला इंदूरला येते. जाताना माझ्या टेबलाशी थांबते आणि विचारते, “आलं का उत्तर?” मी नाही म्हणतो. “त्याला सांगते,” असे म्हणून ती बस पकडते.

तरी, वरील हकिकत ध्यानात घेऊन, मिलचे जे कागद ज्यांच्या ताब्यात असतील त्यांस विनंती की, त्या संध्याकाळी फुटलेल्या नारळांमागे कोणत्या चुका होत्या हे एकदा उघडून पाहावे. माफी परत घ्यावी असे माझे म्हणणे नाही, पण कशाची माफी दिली ते लोकांना कळावे. तसेच अर्जदार फिटर याचा अर्ज दयेचा नसून प्रश्नाचा आहे, तो अद्याप निकालात निघालेला नाही. तो दोषी की निर्दोष, एवढे एका ओळीत कळवावे. उत्तर माझ्या टेबलाच्या पत्त्यावर आले तरी चालेल. लिंब अजून तिथेच आहे, आणि पुढच्या चतुर्दशीला ती विचारायला येईल.